चार कोकमी ठिपके

इब्राहिमभाई, तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमच्या खोलीच्या दारात उभी राहून मी काय बोलले, ते आधी सांगून टाकते. ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलायला मला तोंड नाही.

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसहून शारजात तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचायला मला पावणेदोन तास लागले. दारात तुमचा भाचा अन्वर उभा होता. डोळे सुजलेले, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म तसाच. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगत होता, तुमच्याकडची रीत म्हणून. मलाही सांगितली. "ताई, मामूंकडून काही कमीजास्त झालं असेल, कुणाची वस्तू राहिली असेल, बोलण्यात कुणी दुखावलं असेल, तर माफ करा. माफ केलं, एवढं म्हणा." माझ्या पुढचे म्हातारे गृहस्थ छातीवर हात ठेवून "माफ, माफ" म्हणत आत गेले. मग माझी पाळी आली. आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू."

बघू! बावीस वर्षं परचेस डिपार्टमेंटमध्ये काढल्यावर तोंडाला दुसरं काही येतच नाही. कुणी कोटेशन पाठवलं, बघू. कुणी आपणहून डिस्काउंट दिला, बघू, आणि हा का देतोय तेही बघू. पण गेलेल्या माणसासाठी माफी मागितली जात असताना 'बघू' म्हणणारी बाई त्या दिवशी अख्ख्या शारजात मी एकटीच असणार. अन्वर दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "आत या, ताई." मी चप्पल काढून आत गेले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लाजबिज काही वाटली नाही. माझा तुमच्यावर संशय होता आणि तो आठ वर्षं जुना होता.

आठ वर्षांपूर्वी मी तुमची जाहिरात बघितली. 'वॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर, जपानी, चालू, येऊन ऐका.' ट्रान्झिस्टरच्या आधीचा जमाना, काचेच्या वॉल्वचा. पुण्याला आमच्या घरी वॉल्वचा रेडिओ होता. बटण फिरवलं की मिनिटभर काही यायचं नाही, मग आवाज हळूहळू वर यायचा. तो आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून मी आले. आले ती तीन जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतींचे प्रिंटआउट घेऊन. तुमच्या खोलीत दोन मशीनं शेजारी शेजारी होती, हुबेहूब सारखी. "जोडी आली जपानवरून," तुम्ही म्हणालात. "एक विकायचा, एक माझा." माझ्या डोक्यात तिथेच पाल चुकचुकली. दोन आली, त्यातलं चांगलं कुठलं? अर्थातच ज्याने ठेवलं त्याचं! मी विचारलं, "मला तुमचं द्या, हे तुम्ही ठेवा." तुम्ही म्हणालात, "घ्या." इतक्या पटकन 'घ्या' म्हणालात की मला वाटलं, म्हणजे हेच खराब असणार. मग मी पहिलंच घेतलं. तीन हजार दिरहम, म्हणजे पंचावन्न हजार रुपये, असं मी मोठ्याने म्हणाले आणि तुम्ही हसून म्हणालात, "ताई, इथे रुपयांत मोजलंत तर पाणीसुद्धा प्यायचं नाही."

पहिल्याच वर्षी तुम्ही मला रडवलंत. मशीन जपानचं, शंभर व्होल्टचं. इथल्या विजेवर थेट लावलं तर जळणार, म्हणून मध्ये तो विटेएवढा ट्रान्सफॉर्मर लावायचा, हे तुम्ही मला दहादा बजावलं होतं. ट्रान्सफॉर्मरच बिघडला, म्हणून सगळंच तुमच्याकडे आणून टाकलं. चार दिवसांनी तुमचा फोन. "ताई, तुमचा मशीन खलास." बस्स, एवढंच, आणि फोन कट. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग रडणं संपलं आणि राग आला. ह्या माणसाने माझं मशीन जाळलं आणि सांगतोय असं, जसं दुधाचं पातेलं उतू गेलं! अर्धी सुट्टी टाकून मी गाडी काढली आणि अख्ख्या रस्ताभर मनातल्या मनात तुमच्यावर केस केली. जिन्यातच गाण्याचा आवाज आला. मशीन टेबलावर वाजत होतं आणि तुम्ही सुलेमानी चहा ओतत होतात. "मी बोललो ना, काम खलास, घेऊन जा!" तीस वर्षं अरबांकडे कामं करून तुमचा 'खलास' त्यांचा झाला होता. कामाचा. माझा 'खलास' अजून पुण्याचा होता, मयताचा. त्यानंतर फोनवर तुम्ही मुद्दाम म्हणायचात, "खलास, पण जिवंत."

तुमच्याकडे ऐकायला बसणं हे माझ्या इथल्या आयुष्यातलं एक बरं काम होतं, हेही सांगते. दिवसभर तुम्ही बिल्डिंगांच्या वायरिंगवर. मशीनांना हात फक्त शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर. बटण दाबलं की वॉल्व तापेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा तुमचा नियम. अन्वरने एकदा मध्येच "यल्ला मामू, चला, भूक लागली" म्हटलं तर तुम्ही त्याला बोटानेच गप्प केलंत. काचेत आधी नारिंगी रेघ दिसायची, मग आवाज. "आता बोला," तुम्ही म्हणायचात. पण तोवर बोलण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. माझी लेक एकदा आली होती. ती म्हणाली, "आई, इट्स सो स्लो." तुम्ही तिला म्हणालात, "बेटा, म्हणून तर तू त्याच्याकडे बघत बसलीस." तिने त्यावर चक्क फोन पर्समध्ये टाकला, आणि हे आमच्या घरात फारसं घडत नाही.

आपलं एकच भांडण होतं आणि ते आठ वर्षं पुरलं. ओरिजिनल. माझं म्हणणं, जुनं मशीन घ्यायचं तर त्यातला प्रत्येक वॉल्व, कारखान्यातून त्याच्यासोबत आला तोच हवा. नाहीतर किंमत कशाची द्यायची? तुमचं म्हणणं, आवाज बघा, जन्मदाखला काय बघता. "माझे चार दात ओरिजिनल नाहीत," तुम्ही म्हणालात. "मग मी कोण, ताई?" मी म्हणाले, "तुम्ही सेकंडहँड, चालू, येऊन ऐका." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पण माझ्या मनात काय आलं माहितेय? वॉल्व बदलले तरी चालतात म्हणणारा माणूस उद्या माझेही बदलेल.

म्हणून सहा वर्षांपूर्वी, डाव्या बाजूला घरघर येते म्हणून मशीन तुमच्याकडे द्यायची वेळ आली, तेव्हा मी ते केलं. तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणाला होतात, "आठ दिवस ठेवून जा." आठ दिवस कशाला? घरघर काढायला आठ दिवस? त्या सकाळी नवरा आंघोळीला गेल्यावर मी चारही मोठे वॉल्व काढले, डाव्या स्पीकरचे दोन, उजव्याचे दोन. बुडाच्या काळ्या भागावर, मधल्या खुंटीच्या शेजारी, सहज कुणाला दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. नणंदेने दिवाळीत दिलेली बाटली होती, मरून रंगाची. मी काही रोज उठून असे उद्योग करत नाही. चारही ठिपके वेडेवाकडे पडले, एकाला तर शेपूटच आलं. वाळले, मी फुंकर घालून बघितलं, आणि मशीन तुमच्या हवाली केलं. तुम्ही चहा दिलात. मी तो तुमच्या डोळ्यांत बघून प्यायले.

आठ दिवसांनी मशीन परत आलं. घरघर गेली होती. दार लावून मी वॉल्व उलटे केले. ठिपके होते. चारच्या चार! इतकं हायसं वाटलं की पुढच्या शुक्रवारी मी तुमच्यासाठी खव्याच्या साटोऱ्या केल्या. तुम्ही दोन खाल्ल्यात, बाकीच्या अन्वरसाठी झाकून ठेवल्यात. मग एकदा गावाकडे तुमच्या बायकोला, सकीनाभाभींना, पाठवायची साडी माझ्याकडून निवडून घ्यायला म्हणून तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हा मशीन लावलं होतं. तुम्ही विचारलंत, "आवाज कसा वाटतो, ताई?" मी ऐटीत म्हणाले, "ओरिजिनल तो ओरिजिनल. दुसऱ्या वॉल्वला ही ऊब येणारच नाही." तुम्ही कपात बघत म्हणालात, "बरोबर." मला वाटलं, शेवटी भांडण मी जिंकले.

त्याच सुमारास तुमचं मशीन एकाच स्पीकरवर वाजायला लागलं. दुसरा स्पीकर पलंगाखाली गेला, त्याच्यावर तांदळाची गोण आली. मी विचारलं तर म्हणालात, "खोली लहान, एक कान पुरे." तुमच्या त्या एका कानाने मला सहा वर्षं सतावलं. मला वाटायचं, ह्यांनी आपल्याच मशीनमधलं काहीतरी काढून विकलंय. जो स्वतःचं विकतो तो दुसऱ्याचं काय ठेवणार? बघा, मी कुठून कुठे जाते.

आणि मग ह्या उन्हाळ्याआधीचं आपलं शेवटचं बोलणं. नवऱ्याची नोकरी संपली, पुण्याला परत जायचं ठरलं. मशीन विकायला काढलं. अबू धाबीचा एक जण घ्यायला तयार झाला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहणारा, नुसता नवखा शौकीन नाही, जाणकार. त्याला लिहून हवं होतं की चारही वॉल्व कारखान्याचेच आहेत. मी म्हणाले, त्यात काय, माझ्याकडे पुरावा आहे. त्याला वर मिस्त्रीचा शब्दही हवा होता, म्हणून तुम्हाला फोन केला. "एवढंच सांगा त्याला, वॉल्व ओरिजिनल आहेत." तुम्ही गप्प. एवढा वेळ गप्प की मला वाटलं, लाइन तुटली. मग म्हणालात, "विकू नका, ताई. विकायचाच असेल तर मला द्या."

"अच्छा," मी म्हणाले. "कितीला?"

"तुम्ही बोलाल तेवढ्याला."

इब्राहिमभाई, तिथेच तुम्ही फसलात. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्या मनात सगळी साखळी जुळली. जोडीतलं एक मशीन एका बाजूने मुकं, दुसरं धडधाकट. माझं घेऊन आपलं भरायचं, नाहीतर जोडी करून कुणा अरबाला तिप्पट भावाने द्यायची. मी म्हणाले, "बघू." तुम्ही म्हणालात, "एकदा येऊन जा. एक गोष्ट सांगायचीय." दुसऱ्या दिवशी तुमचा व्हॉइस मेसेजही आला, नऊ सेकंदांचा. "ताई, फोनवर नको. समोर सांगेन. चहा पिऊन जा. इन्शाल्ला शुक्रवारी."

मी आले नाही. पाच शुक्रवार गेले. दर वेळी मी अन्वरच्या फोनवर कळवायचे की शारजाच्या रस्त्यावर जॅम आहे. जॅम तर कायमच असतो. ज्याला यायचं तो त्यातूनच येतो, मीसुद्धा आठ वर्षं आलेच की. खरं एवढंच की समोर बसवून चहा पाजून तुम्ही मला किमतीत नमवाल, अशी मला खात्री होती. सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, अन्वरचा फोन आला. कामावरच छातीत कळ आली, म्हणाला. मी विचारलं, "नक्की?" कुणाच्या मरणाबद्दल 'नक्की?' विचारतात का? मी विचारलं.

तर ती खोली. 'बघू' म्हणून मी आत आले. तुमची गादी गुंडाळलेली होती, मशीनवर पंचा. अन्वर हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही मामूंना चांगलं ओळखायचात. एक विचारू? गैरसमज करू नका." त्याने तुमच्या हत्यारांच्या पेटीतून, सोल्डरच्या तारेखालून, एक चिंधी काढली. चिंधीत नेलपॉलिशची बाटली. अर्धी संपलेली. "मामी तर गावाला. मग हे कुणाचं? मामूंची इथे कुणी... म्हणजे कुणी बाई होती का?"

बाई होतीच, अन्वर. तुझ्या समोर उभी होती. रंग मी बघितल्याबरोबर ओळखला. मी तुमच्या स्टुलावर बसले. मग उठून मशीनवरचा पंचा काढला. डाव्या बाजूची दोन भोकं रिकामी होती. वॉल्वच नव्हते. आणि मला काय वाटलं असेल? विकले! आपले दोन विकले, माझे बदलले, वर माझ्याच रंगाने मला बनवलं! मी अन्वरला म्हणाले, "बाटली माझ्याकडे दे. मी बघते." त्याने दिली. बिचाऱ्याला वाटलं असेल, मी मामूंची अब्रू झाकतेय.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून मी चारही वॉल्व उलटे मांडले. लेक कॉर्नफ्लेक्स खात होती. "आई, व्हॉट आर यू डूइंग?" मी म्हणाले, "पंचनामा." उजवीकडचे दोन ठिपके वेडेवाकडे, एकाला शेपूट. माझे. डावीकडचे दोन गोल, नीट, वाटाण्याच्या दाण्यासारखे. सोल्डर करणाऱ्या हाताचे. सहा वर्षांपूर्वी मी रंग बघितला होता, आकार बघितला नव्हता. चार मोजले आणि मान्य केले. माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर त्याला मी दिवसभर उभं केलं असतं.

मला इतका संताप आला, इब्राहिमभाई, की तुम्ही जिवंत असतात तर मी चपलेनिशी आले असते. सहा वर्षं मी पाहुण्यांना ऊब ऐकवत होते! मी अन्वरकडून सकीनाभाभींचा नंबर घेतला. त्याला सांगितलं, भेटायला येता येत नाही, निदान फोनवर बोलते. खोटं. मला विचारायचं होतं, माझे दोन वॉल्व कुठे गेले. ज्या बाईने नवऱ्याची माती फोनच्या स्क्रीनवर बघितली, तिची उलटतपासणी घ्यायला मी फोन लावला होता.

त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं, दोन शब्द बोलले.  मग त्यांनी विचारलं, "तुमीच का ती नखांच्या रंगाची बाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते तुमचा मशीन उघडून बसले व्हते," त्या म्हणाल्या, "आनि मला व्हिडिओ लावला. इतके हासले, इतके हासले, चाय सांडली. बोलले, सकीना, बायने माझ्यावर पहारा बशिवलाय बघ. मी बोलले, मग राग नाय आला? ते बोलले, राग कसला, वस्तूवर जीव हाय तिचा." घरघर त्या डावीकडच्या दोन वॉल्वचीच होती, भाभींनी सांगितलं. दोन्ही थकले होते. तसले जुने बाजारात कुठे मिळेनात. तेव्हा तुम्ही तुमच्याच मशीनमधले काढलेत, जोडीतल्या भावाचे, आणि माझ्यात घातलेत.

"मी बोलले, सांगून टाका तिला. ते बोलले, सांगितला तर ती बोलेल, 'बघू.' आनि मग झोपायची नाय. इब्राहिमने माझे चांगले काढून घेतले, असाच वाटेल तिला." मग रंगाची शोधाशोध. वॉल्व कॅमेऱ्यासमोर धरून तुम्ही विचारलंत, हा कुठला लाल? भाभी म्हणाल्या, लाल नाय, हा कोकमाचा रंग. तुम्ही चार दुकानं फिरलात. दुकानातल्या पोरीने विचारलं, बायकोसाठी का? तुम्ही सांगितलंत, मशीनसाठी.

मी तरीही विचारलं. माझी जीभ बघा. "भाभी, मग माझे जुने दोन?"

"माझ्याकडे हायत. सुट्टीला आले तेव्हा घेऊन आले. बोलले, बायने कधी मागितले तर द्यायला लागतील, तिची चीज हाय. काचेच्या कपाटात ठेवलेत." पाच मिनिटांत फोटो आला. चिनी मातीच्या कपांच्या मध्ये दोन वॉल्व उलटे उभे. बुडावर कोकमी ठिपके. मी फोटो झूम केला. हो, केला. दोन्ही वेडेवाकडे होते.

आता कळलं, शेवटच्या वेळी तुम्ही का गप्प झालात. तुमच्या लेखी ते मशीन तितकंच चांगलं होतं, पण मी कागदावर 'कारखान्याचेच' लिहून सही करणार होते. तुम्ही माझं मशीन मागत नव्हतात. माझ्या सहीने खोटं जाऊ नये, म्हणून ते आपल्याकडे ओढत होतात, मी सांगेन त्या किमतीला. आणि समोर बसवून मला तेच सांगणार होतात. अबू धाबीच्या माणसाला मी खरं ते कळवलं, दोन ह्याचे, दोन जोडीतल्या भावाचे. तो नको म्हणाला. बरं झालं. मशीन कंटेनरमधून पुण्याला निघालंय, ट्रान्सफॉर्मरसकट.

पण मी तुम्हाला इतक्यात सोडणार नाही. खोटं तुम्हीही बोललात. 'बरोबर' म्हणालात, कपात बघून! माझ्या मशीनचं काय करायचं ते माझ्या पाठीमागे ठरवलंत, आणि सहा वर्षं एका कानाने गाणी ऐकलीत. मला विचारलं असतंत तर? तर मी 'बघू' म्हणाले असते, माहितेय मला. तुम्हालाही माहीत होतं, ह्याचाच राग आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा राहू दे, माझा विश्वास बसणार नाही हे धरून चाललात, आणि तरी माझ्यासाठी चार दुकानं फिरलात. असं कुणी करतं का? आठ दिवस कशाला लागतात, हे मात्र आता कधीच विचारता येणार नाही. बहुतेक मशीन बरं झाल्यावर तुम्ही ते नुसतं ऐकत बसायचात. दोन्ही कानांनी.

फोटो बघून झाल्यावर मी भाभींना परत फोन लावला.  हुंदका आवरला तर नाक वाहू लागलं, सगळंच झालं. शेवटी म्हणाले, "भाभी, अन्वरने मला त्या दिवशी माफ केलं म्हणायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले नाही. आता म्हणते, माफ. पण ते राहू द्या. मलाच माफ करा. पाच शुक्रवार त्यांनी माझी वाट बघितली. त्यांच्या वतीने तुम्ही म्हणा, माफ केलं. एवढंच म्हणा."

 पलीकडे मागे कुठेतरी कोंबडा ओरडला. मग तुमच्या बायकोने नाक ओढलं, आणि रडता रडता हसल्यासारखा आवाज आला.

"बघू," त्या म्हणाल्या.